बालकांच्या लसीकरणावर आपल्या लोकप्रतिनिधीची स्पष्ट भूमिका कशी मिळवावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत लसीकरणाच्या विरोधात उघडपणे बोलणारा नगरसेवक किंवा आमदार माझ्या तरी पाहण्यात नाही. अडचण अशी की, लसीकरणाच्या बाजूने नेमके आणि वेळेवर बोलणाराही सहसा भेटत नाही. पल्स पोलिओच्या रविवारी बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकतानाचे छायाचित्र बहुतेकांकडे असते. पण गोवराचा दुसरा डोस चुकलेल्या मुलांचे काय करायचे, याविषयी त्यांचे म्हणणे मतदाराला कधीच कळत नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलात निवडणुकीआधी उमेदवार भेटायला आले होते. मागच्या रांगेतल्या एका तरुण आईने त्यांना विचारले, की शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना डोस मिळतात का, हे कोण पाहते? उमेदवार म्हणाले, "ताई, तो पालकांचा आणि डॉक्टरांचा विषय आहे, आपण त्यात कशाला पडायचं?" आणि बोलणे पाण्याच्या टँकरवर गेले. त्या उत्तरात उर्मटपणा नव्हता, तरीही ते मला आजवर सलते. त्या बाईंना उत्तर मिळायला हवे होते, आणि ते मिळवता येते. कसे, ते पुढे लिहिले आहे.

पहिली पायरी: मौन कोठून येते ते समजून घ्या

भेटीला जाण्याआधी या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. मौनाचे कारण कळले नाही, तर आपण समोरच्याला अज्ञानी किंवा भित्रा समजतो आणि भेट वाया जाते.

पहिले कारण हिशेबाचे आहे. लसीने टळलेला आजार कोणालाच दिसत नाही. ज्या मुलाला गोवर झाला नाही, त्याची आई आभार मानायला कार्यालयात येत नाही. उलट डोसानंतर एखाद्या बाळाला ताप आला, मांडीवर गाठ आली, किंवा त्याच आठवड्यात योगायोगाने दुसरा काही आजार झाला, तर त्या बाळाला नाव असते, घर असते आणि संतापलेले नातेवाईक असतात. लसीच्या बाजूने ठाम बोललेल्या माणसाकडे मग बोट दाखवले जाते. गप्प राहिलेल्याकडे कोणी दाखवत नाही.

दुसरे कारण काळाचे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. समजा, एका वस्तीत दरवर्षी शंभर मुले जन्मतात आणि त्यांतली पंच्याऐंशी गोवरापासून सुरक्षित होतात. पहिल्या वर्षी पंधरा मुले उघडी राहतात. एवढ्याने साथ येत नाही, सगळे ठीक दिसते. सात वर्षांनी मात्र अशा मुलांची संख्या शंभरावर गेलेली असते, आणि गोवराचा एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना गोवराच्या दोन्ही डोसांसाठी ९५ टक्क्यांचे लक्ष्य सांगते. नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची असते. एकाच्या मुदतीत झालेले दुर्लक्ष दुसऱ्याच्या मुदतीत साथ होऊन उभे राहते, त्यामुळे ज्याने दुर्लक्ष केले त्याला त्याचा जाब द्यावा लागत नाही.

तिसरे कारण बोलायला कठीण आहे. डोस चुकलेली मुले पुष्कळदा अशा घरांतली असतात, ज्यांचे मत येथे नाही. बांधकामावरचे मजूर, दगडखाणीवर आणि औद्योगिक पट्ट्यात हंगामी कामाला आलेली कुटुंबे यांची नावे गावाकडच्या मतदारयादीत असतात. दिघा, तुर्भे, दिवा या भागांत काम करणाऱ्या कोणत्याही आशाताईंना विचारा. डोसाची तारीख येईपर्यंत कुटुंबाने मुक्काम हलवलेला असतो, असेच त्या सांगतील.

चौथे कारण सक्तीच्या आठवणीचे आहे. आरोग्याच्या नावाने झालेली जबरदस्ती महाराष्ट्राने पाहिली आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा घरात शिरून केलेल्या तपासण्यांनी लोक इतके चिडले, की त्या संतापातून त्याच वर्षी २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली आणि १९७७ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना तिची किंमत मोजावी लागली. लसीने मुले वंध्य होतात, ही अफवा पोलिओपासून गोवर-रुबेला मोहिमेपर्यंत पुन्हा पुन्हा उठते. तिच्या मुळाशी ही भीतीही आहे. त्यामुळे 'लसीकरण' हा शब्द ऐकताच राजकारण्याच्या मनात 'सक्ती' येते आणि तो मागे सरतो.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. ब्रिटनमध्ये १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड यांनी बारा मुलांवरचा एक निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध करून गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीविषयी शंका पसरवली. २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला आणि त्यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. पण मधल्या काळात, २००१ च्या अखेरीस, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना त्यांच्या धाकट्या मुलाला ही लस दिली का, असे विचारले गेले, तेव्हा कुटुंबाची खासगी बाब म्हणून त्यांनी उत्तर नाकारले. त्यांचेच सरकार लस सुरक्षित असल्याचे सांगत होते. २००३-०४ पर्यंत इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांतले या लसीचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत उतरले. ही घसरण एकट्या त्या मौनामुळे झाली, असे म्हणता येणार नाही. पण धास्तावलेल्या पालकांना त्या मौनातून धीर मिळाला नाही, हे निश्चित. मुलाला लस दिली होती, हे त्यांच्या पत्नीने २००८ मध्ये सांगितले. तोवर उशीर झाला होता.

दुसरी पायरी: कोणाला काय विचारायचे ते ठरवा

सार्वजनिक आरोग्य हा घटनेनुसार राज्याचा विषय आहे, राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी केंद्र पुरवते, आणि बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य नागरी संस्थांच्या कामांतही येते. तीन घरचा पाहुणा उपाशी राहावा, तसे येथे होते. म्हणून प्रश्न वाटून घ्यावेत. लसीकरण सत्र कोठे आणि कधी भरते, परिचारिकांची किती पदे रिकामी आहेत, बांधकामांवर फिरते पथक जाते का, हे महापालिकेचे विषय आहेत आणि ते नगरसेवकाला विचारावेत. लसींचा साठा, निधी आणि धोरण यांविषयी आमदाराला विचारावे. बहुसदस्यीय प्रभागात एक नगरसेवक दुसऱ्याचे नाव सांगतो, तेव्हा पत्र सर्वांच्या नावे, एकाच मजकुराचे, एकाच दिवशी द्यावे.

एक गोष्ट येथे नोंदवायलाच हवी. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली, आणि त्यानंतर दोन्हीकडे प्रशासकांचा कारभार होता. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडीत आणि आपल्या जिल्ह्यात भिवंडीकडे गोवराची साथ आली, तेव्हा ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत जाब विचारायला निवडून आलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. त्या साथीत लहान मुले दगावली. त्या काळात आपण काय केले, हा प्रश्न माजी नगरसेवकालाही विचारता येतो. पदावर नसताना वस्तीत फिरलेला माणूस वेगळा ओळखू येतो.

तिसरी पायरी: आपल्या भागाची माहिती हाती घ्या

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १२ ते २३ महिन्यांच्या बालकांत संपूर्ण लसीकरणाचे देशातले प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ते ७६.४ टक्के झाले. भेटीत हा आकडा फारसा कामाचा नाही, कारण देशाचा आकडा नगरसेवकाला आपला वाटत नाही. त्याला आपल्या नागरी आरोग्य केंद्राचा आकडा दाखवावा लागतो.

केंद्रावर जाऊन विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. पेंटाचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस सहाव्या आठवड्यात आणि तिसरा चौदाव्या आठवड्यात असतो. पहिला घेतलेल्यांपैकी किती मुले तिसऱ्याला आली? गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. दुसऱ्याला किती आली? या दोन फरकांतून वस्तीची अवस्था कळते. आशाताईंच्या 'ड्यू लिस्ट'मध्ये, म्हणजे डोस द्यायचा असलेल्या मुलांच्या यादीत, नावे असतात. ती नावे मागू नयेत, फक्त संख्या मागावी. मुलांची खासगी माहिती बाहेर जाता कामा नये.

माहिती तोंडी मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये आहे, आणि उत्तरासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत असते. मोठ्या संकुलांतली मुले खासगी बालरोगतज्ज्ञांकडे डोस घेतात, त्यामुळे केंद्राच्या नोंदीत ती दिसतीलच असे नाही. आकडा वाचताना हे लक्षात ठेवावे, नाहीतर समोरचा तेवढाच मुद्दा धरून सगळी माहिती बाजूला सारतो.

चौथी पायरी: प्रश्न असा लिहा की मौनालाही अर्थ यावा

"आपला लसीकरणाला पाठिंबा आहे का?" असे विचारू नये. याला सगळेच 'हो' म्हणतात आणि त्या होकारातून काहीच हाती लागत नाही. "लस सक्तीची करावी का?" हेही विचारू नये. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लस मोफत आहे, पालकांवर सक्ती नाही, आणि हा प्रश्न समोरच्याला पळवाट काढून देतो. ब्लेअर यांच्या उदाहरणावरून मी आणखी एक शिकले: "तुमच्या नातवाला डोस दिला का?" असे विचारू नये. घरातल्या मुलाला राजकारणात ओढल्यासारखे होते आणि मग खासगीपणाचे कारण खरे ठरते.

प्रश्न असे असावेत. आपल्या प्रभागात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस चुकलेल्या मुलांसाठी पुढच्या तीन महिन्यांत बांधकामांवर सत्रे भरावीत, अशी लेखी मागणी आपण वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे कराल का? लसीविषयी अफवा पसरली, तर चोवीस तासांच्या आत आपल्या नावाने खुलासा कराल का? डोसानंतर एखादे बाळ आजारी पडले, तर चौकशी होईपर्यंत आरोग्य सेविकेवर हल्ला होऊ देणार नाही, हे आत्ता जाहीर कराल का? तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण घरोघरी जाणारी ती बाई त्या क्षणी एकटी असते.

पाचवी पायरी: एकट्याने जाऊ नका

लोकप्रतिनिधी बोलत नाही, कारण आपल्या मागे कोणी उभे राहील याची त्याला खात्री नसते. तशी माणसे आपण घेऊन जावीत. एक स्थानिक बालरोगतज्ज्ञ, एक शाळेचे मुख्याध्यापक, वस्तीतल्या दोन आया आणि जेथे लोक त्यांचे ऐकतात तेथे मंदिराचे, मशिदीचे किंवा बुद्धविहाराचे जाणते, एवढी माणसे पुरे. ज्या आईने आधी डोस नाकारला आणि नंतर दिला, ती बरोबर असेल तर तिला आधी बोलू द्यावे. डॉक्टरांपेक्षा तिचे दोन शब्द अधिक लागू पडतात, असा माझा अनुभव आहे. आशाताईंना मात्र शिष्टमंडळात उभे करू नये. त्यांच्या कामावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

सहावी पायरी: भेटीत काय ऐकू येईल, त्याची तयारी ठेवा

"हा पालकांचा निर्णय आहे" असे म्हटले, तर मान्य करावे आणि सांगावे, की निर्णय पालकांचाच आहे, पण सत्र कामाच्या वेळी आणि दोन किलोमीटरवर असेल, तर निर्णय घ्यायची संधीच त्यांना मिळत नाही. "डॉक्टरांनी बोलावे" असे म्हटले, तर डॉक्टर शेजारीच बसलेले असतात. "लोक नाराज होतील" असे म्हटले, तर हेच खरे उत्तर आहे असे समजून थांबावे आणि कोण नाराज होईल, ते विचारावे. बहुतेक वेळा एका गल्लीचे किंवा एका माणसाचे नाव पुढे येते, आणि मग त्या माणसाला भेटायला एकत्र जाता येते.

ताप येईल का, गाठ येईल का, असे कोणी विचारले, तर खरे सांगावे. काही बाळांना ताप येतो, पेंटानंतर मांडी दुखते आणि ते बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. गंभीर त्रास क्वचित होतो, म्हणूनच डोसानंतर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगतात. 'काहीच होत नाही' असे सांगणाऱ्यावरचा विश्वास पहिल्याच तापाबरोबर जातो.

सातवी पायरी: लेखी घ्या आणि तारीख लावा

बैठकीतले तोंडी आश्वासन त्याच संध्याकाळी पत्ररूपाने कळवावे: "आज आपण असे म्हणालात, त्यात काही चुकले असल्यास दुरुस्त करावे." पोच घ्यावी. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रश्न आणि 'उत्तर आले नाही' हे तीन शब्द सोसायटीच्या सूचना फलकावर, आरोप न करता, लावावेत. उत्तर आले, तर तेही त्याच फलकावर, त्याच आकाराच्या कागदावर लावावे. ठरलेल्या सत्राच्या दिवशी आपल्यापैकी दोघांनी बांधकामाच्या फाटकावर सकाळी उभे राहावे, किती मुले आली ते मोजावे, आणि ती संख्या संध्याकाळपर्यंत नगरसेवकांना पाठवून पुढच्या सत्राची तारीख विचारावी.