उपकारवही

माझ्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. थोरलीला पाचवीनंतर शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा आठ दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या आईला मिशनच्या बाईंनी हात धरून पाटीवर 'ग' काढायला शिकवलं. म्हणून मी शिकले, म्हणून तुझा नवरा शिकला. ते उपकार असे फेडायचे होय गं?"

मला उत्तर सुचलं नाही. बेळगावात लंडन मिशनची माणसं १८२० साली आली, आणि इथल्या ख्रिस्ती घरांत प्रार्थनेच्या पाठोपाठ पाटी-पेन्सिल आली. सासूबाईंचं दुःख खरं होतं. आज सहा वर्षांनी, आमच्या चर्चच्या मंडळीतली दोन-तीन तरुण जोडपी होमस्कूलिंगबद्दल विचारायला घरी येतात, तेव्हा मी त्यांना आधी हीच गोष्ट सांगते. शाळेवर राग धरून या वाटेला येऊ नका. राग दोन-चार महिन्यांत ओसरतो, आणि मग सकाळी नऊ वाजता मूल समोर बसलेलं असतं, तुमच्याकडे शिकवायला काहीच नसतं.

आमचं कारण साधं होतं. माझे यजमान उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. दुसरी पाळी असली की रात्री बाराला घरी. मुलं सकाळी साडेसातला बाहेर. बाप आणि लेकरं एका घरात राहून फक्त रविवारी चर्चला जाताना भेटायची. थोरली एकदा म्हणाली, "पप्पा माझ्याशी बोलतात ते सगळं मला पाठ आहे." त्या वाक्यानं आम्हाला हलवलं.

आता कागदपत्रांचं, कारण पहिला घाम तिथंच फुटतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी तो आहे. घरी शिकवण्याला त्यात वेगळी मान्यता नाही, थेट मनाईही लिहिलेली नाही. म्हणून सावध राहा, नोंदी ठेवा, जाणत्या वकिलाशी एकदा बोलून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला त्याच आठवड्यात हातात घ्या. आम्ही तो घ्यायला वर्ष लावलं, आणि पुढं एका ठिकाणी त्यावरून चार हेलपाटे पडले.

दहावीसाठी आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था धरली, सगळे तिला एनआयओएसच म्हणतात. वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा. मराठी माध्यम घेता येतं, आणि आमच्या भागात हे फार मोलाचं आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुमारास. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळं एखादा विषय राहिला तर जीव टांगणीला लागत नाही. टीएमए नावाचे गृहपाठ वेळेत द्या, त्यांना वीस टक्के वजन आहे. ज्यांना राज्याच्याच बोर्डातून जायचंय त्यांना एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला, खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. नियम बदलत राहतात, म्हणून दर वर्षी जूनमध्ये स्वतः वाचून पाहा. माझ्या किंवा कुणाच्याच तोंडी माहितीवर फॉर्म भरू नका.

पहिलं वर्ष मी वाया घालवलं. भिंतीवर वेळापत्रक लावलं, पस्तीस मिनिटांचे तास केले, घरात घंटासुद्धा आणली. नोव्हेंबरात थोरली गणिताच्या वहीवर डोकं ठेवून रडली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी घंटा उचलून माळ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "तीस वर्षं मी ही वाजवली. घरात नको."

तेव्हापासून दिवस असा चालतो. सकाळी सात वाजता कौटुंबिक प्रार्थना, पप्पांची कुठलीही पाळी असो. एक स्तोत्र, एक ओळ मोठ्यांनी आणि एक मुलांनी. मग गणित आणि भाषा, अकरापर्यंत, डोकं ताजं असतं तोवर. दुपारी वाचन, शिवण, सायकलची दुरुस्ती, जे निघेल ते. साडेचारनंतर गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट, त्याला सुट्टी नाही. मुलं एकलकोंडी होतील का, हा प्रश्न मला अजून विचारतात. होतील, जर तुम्ही त्यांना घरात कोंडलंत तर. गल्ली, संडेस्कूल, आजोळ आणि बाजार यांच्यासाठी रोजचा वेळ राखावा लागतो, तो आपोआप निघत नाही.

आमच्या मुलुखात भूगोल पायांनी शिकता येतो, हे मोठं दान आहे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही खानापूर तालुक्यात कणकुंबीला गेलो, मलप्रभेच्या उगमावर. तिथलं पाणी पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात पोचतं. त्याच तालुक्यातल्या जंगलातून म्हादई निघते, ती गोव्यात उतरून अरबी समुद्राला जाते. धाकटा दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे या हातावरचा पाऊस इकडं आणि या हातावरचा तिकडं?" जलविभाजक हा शब्द मी नंतर सांगितला. त्याला त्याची आता गरजही नव्हती.

कन्नडचं थोडं सविस्तर सांगते, कारण सीमाभागातली मराठी घरं इथंच चुकतात. आम्हीही चुकलो. मराठी जपायची म्हणजे कन्नड टाळायची, असं मनात कुठंतरी बसलेलं असतं. शेजारच्या अक्का कन्नड. त्यांनी न सांगता धाकट्याला बसच्या पाट्या वाचायला शिकवल्या. वर्णमाला तर आपलीच, क ख ग घ त्याच क्रमानं. ळ सुद्धा आहे. अडतं ते एवढ्यावरच, की कन्नडात ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात. 'एरडु'मधला ए तो सहा महिने लांबवत होता आणि अक्का न कंटाळता परत म्हणून दाखवायच्या. एक दिवस बसस्टँडवर माझा हात सोडून तो पाटीखाली गेला, बोटानं हवेत अक्षरं गिरवत वाचलं, "खा... ना... पु... र," आणि वळून माझ्याकडं न बघता अक्कांकडं बघितलं.

त्याच आठवड्यात प्रार्थनेत बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आली होती. दहा बरे झाले, उपकार मानायला एकच परत आला. धाकट्यानं विचारलं, "तो शोमरोनी होता म्हणजे दुसऱ्या भाषेचा होता काय?" मी म्हटलं, त्यांच्यातला नव्हता. तो जरा थांबला आणि म्हणाला, "अक्कांसारखा."

उपकारवही तिथून सुरू झाली. दोनशे पानी साधी वही आहे. रात्री जेवण झाल्यावर प्रत्येकानं एक ओळ लिहायची, आज कुणाचे उपकार झाले आणि कशाबद्दल. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी तेच लिहिलं: देवबाप, मम्मी, पप्पा, जेवण. म्हणून नियम केला. माणूस कोण ते लिहायचं, काम लिहायचं, आणि काल लिहिलेलं आज नाही. मग वहीत माणसं यायला लागली. पाणी आल्याची हाक देणारे खालच्या मजल्यावरचे काका. रविवारपेठेत रताळ्यांच्या पोत्याचा भाव किलोवर कसा आणायचा ते थोरलीला समजावून सांगणारे व्यापारी. खानापूरच्या कुंभारांनी धाकट्याला चाकावर हात ठेवू दिला, तो दिवस.

मला याचा जो फायदा झाला तो मी आधी धरलाच नव्हता. महिन्याच्या शेवटी वही चाळली की मूल काय शिकलं आणि कुणाकडून, हे तारखेसकट समोर येतं. मी शिकवलेलं त्यात निम्म्याहून कमी असतं. तुम्ही नोंदी कशा ठेवायच्या असं विचारता, तर माझ्याकडं हीच वही आहे आणि तिच्या जोडीला सोडवलेल्या गणितांची फाईल.

एक मात्र सांभाळा. मागच्या वर्षी यजमानांच्या कारखान्यात तीन महिने काम निम्म्यावर आलं, पगारही. त्या दिवसांत एका रात्री थोरलीनं वही मिटून ठेवली आणि म्हणाली, "आज मला कुणाचे उपकार मानायचे नाहीत." माझ्या तोंडावर उपदेश आला होता. यजमानांनी पवित्र शास्त्र उघडून तेरावं स्तोत्र वाचलं, ज्यात दावीद देवाला विचारतो की किती काळ तू मला विसरणार. वाचून झाल्यावर ते काही बोलले नाहीत. वहीतलं ते पान कोरंच आहे, वर फक्त तारीख. मुलांकडून उपकारस्तुती वदवून घेऊ नका. त्यांची तक्रार दाबायला तर मुळीच वापरू नका, ती वही त्यांच्यापासून कायमची जाईल.

कापणीच्या सणाला चर्चमध्ये अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव असतो, भात, नारळ, कोंबडी, घरच्या वेलीचा भोपळा. गेल्या वेळी हिशेबाची वही पाळकांनी थोरलीकडं दिली. एक भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा पैसे भरून तो पुन्हा मेजावर ठेवायचा. तिसऱ्या वेळी तिनं वर बघून विचारलं, "एकाच भोपळ्याच्या तीन ओळी लिहू?" सासूबाई मागच्या बाकावर होत्या. त्या म्हणाल्या, "तीनही लिही. तिघांनी दिलंय."

सासूबाई आता रोज दुपारी दोघांचं शुद्धलेखन घेतात. उपकारवहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही लाल पेननं सुधारतात. मी एकदा म्हटलं, "ती वही तरी सोडा की," तर म्हणाल्या, "उपकार लिहायचे तर नीट लिहावेत."

या महिन्यात थोरलीचा दहावीचा फॉर्म भरला. त्या रात्रीची तिची ओळ अशी: "कॉम्प्युटरच्या दुकानातल्या दादांनी माझा फोटो तीन वेळा लहान करून दिला आणि पैसे एकदाचेच घेतले." खाली लाल पेननं बरोबरची खूण आहे, आणि सासूबाईंच्या अक्षरात त्यांची स्वतःची पहिली ओळ: "नातीनं फॉर्मवर पालकांच्या सहीआधी मला वाचायला दिला."