'माजेस्तिक'ची तळघरे कशी वाचावीत

परभणी-लातूरकडच्या एखाद्या वाचक मंडळाला रहस्यकथा निवडायची असेल, तर मी जॉर्ज सिमेनाँ यांची 'ले काव द्यू माजेस्तिक', म्हणजे 'माजेस्तिकची तळघरे', ही १९४२ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी सुचवेन. लेखक मूळचे बेल्जियममधल्या लिएजचे, लेखन मात्र फ्रेंच. इंग्रजीत ती 'मेग्रे अँड द हॉटेल मॅजेस्टिक' आणि 'द सेलर्स ऑफ द मॅजेस्टिक' अशा वेगवेगळ्या नावांनी आली आहे. पुस्तक एकच आहे, हे मागवण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

वाचायला बसण्यापूर्वी कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढावी. रेघेच्या वर माजेस्तिक हॉटेलचे पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावरचे दर्शनी दार आणि पाहुण्यांच्या खोल्या लिहाव्यात. खाली स्वयंपाकघर, कॉफीचा विभाग, नोकरांची कपडे बदलण्याची खोली आणि मागच्या पाँत्यू गल्लीतले नोकरांचे दार. प्रत्येक पात्राचे नाव त्याच्या जागी लिहावे आणि कोणी रेघ ओलांडली की तेथे बाण काढावा. पहिला बाण मृत स्त्रीचाच असेल, कारण ती वर उतरलेल्या श्रीमंत अमेरिकी उद्योगपतीची पत्नी आहे आणि तिचे प्रेत सापडते ते तळघरातल्या ८९ क्रमांकाच्या कपाटात. 'खून कोणी केला' याच्या आधी 'ती खाली का उतरली' हे विचारावे; माझ्या मते सारी कादंबरी याच प्रश्नावर उभी आहे.

ही रेघ आपल्याला परकी नाही. आपल्याकडच्या कोणत्याही मंगल कार्यालयात पुढे आहेर आणि सत्कार चालू असताना मागे भट्टीपाशी आचारी पहाटेपासून उभा असतो, वाढप्यांची ये-जा चालते, आणि कोणाचा मानपान राहिला, कोण रुसले, हे वऱ्हाडी मंडळींच्या आधी त्यांना कळलेले असते. खुनाचा तपास करणारा इन्स्पेक्टर मेग्रे तळघरात इतका का रेंगाळतो, हे ज्याने अशी मागची बाजू पाहिली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

पहिले प्रकरण दोनदा वाचावे आणि दुसऱ्या वाचनात केवळ वेळा टिपाव्यात. कॉफी विभागाचा प्रमुख प्रॉस्पेर दाँज पॅरिसजवळच्या सँ-क्लूहून सायकलने कामावर येतो. त्या सकाळी सायकल पंक्चर होते आणि त्याला उशीर होतो. त्याची सोबतीण शार्लोत रात्रभर मोंमार्त्रमधल्या नाइटक्लबच्या स्वच्छतागृहात काम करते, त्यामुळे एकाचा दिवस सुरू होताना दुसऱ्याचा संपतो. संशय दाँजवर कसा येतो आणि मेग्रेला तो का पटत नाही, हे पुढे समजून घ्यायचे असेल तर हा दिनक्रम डोळ्यांसमोर असायला हवा.

इंग्रजी अनुवाद वाचणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. मेग्रेला इंग्रजी येत नाही, आणि उद्योगपती क्लार्कशी बोलताना ही अडचण त्याला सतत टोचते. पण अनुवादात सारेच इंग्रजी बोलत असल्याने ती भिंत दिसेनाशी होते. असे प्रसंग पेन्सिलीने खुणावून ठेवावेत आणि मंडळात मोठ्याने वाचताना कोण कोणत्या भाषेत बोलतो आहे, हे आधी सांगावे.

अखेरच्या बैठकीला तो कागद सर्वांपुढे ठेवावा आणि प्रत्येक बाणाशेजारी ती रेघ ओलांडण्याचे कारण एका ओळीत लिहून घ्यावे.