गिरणीतली आठ मिनिटं: गटाने शॉर्टफिल्म कशी करावी

दिवाळीची सुट्टी संपत आली की दरवर्षी दोन-तीन फोन येतात. "ताई, आम्ही सहाजण मिळून शॉर्टफिल्म करतोय. कॅमेरा कुठला घ्यावा?" कॅमेऱ्याचं मी शेवटी बोलते. आधी विचारते, तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीत अशी जागा आहे का, जिथून दोन दिवस तुम्हाला कोणी उठवणार नाही?

आमच्या वेळी ती जागा होती पिठाची गिरण. गटातल्या एकाच्या मामांची, कोल्हापुरातल्या एका अरुंद गल्लीतली. त्याआधी आम्ही जी गोष्ट लिहिली होती तिच्यात रेल्वे होती, पोलीस होते, रात्रीचा पाऊस होता. यातलं एकही आमच्या हातात नव्हतं. तीन आठवडे परवानग्यांच्या मागे फिरलो आणि मग ती वही बाजूला ठेवून गिरणीत जाऊन बसलो. दोन संध्याकाळी नुसते बसलो. दळणाचे डबे नंबराने लागतात, बायका आवाजावर आवाज चढवून बोलतात, मामा खुणेनेच 'जाड की बारीक' विचारतात. गोष्ट तिथेच सापडली. बारावी झालेल्या मुलाला गिरण चालवणाऱ्या वडिलांना सांगायचंय की त्याला पुण्याला शिकायला जायचंय. गिरणीच्या आवाजात सांगता येत नाही. मग वीज जाते, गिरण थांबते, सगळं शांत होतं, आणि आता त्याच्याकडे न बोलण्याचं कारण उरत नाही.

गोष्ट अशी निवडा. आधी जागा, माणसं आणि दिवस मोजा आणि त्यांच्यातून गोष्ट काढा. सहा जण, दोन दिवस आणि एक जागा असेल तर सहा ते आठ मिनिटांची फिल्म नीट होते. पंधरा मिनिटांची होत नाही, हे मी अनेक गटांचं बघून सांगते आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. आमची पानं सात होती. लिहून झालं की सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा, फोनवर वेळ लावा, आणि जे वाक्य वाचताना जीभ अडखळते ते काढा. आमच्या मुलाचं एक वाक्य होतं, "बाबा, मला माझ्या भविष्याचा विचार करायचा आहे." कोल्हापुरातला कुठला मुलगा वडिलांशी असं बोलतो? शेवटी ते "पुण्याचा फॉर्म भरलाय मी" एवढंच उरलं, आणि तेच चाललं.

आता कामाची वाटणी. सगळेच दिग्दर्शक झाले की भांडणं होतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी कोणी लिहून ठेवत नाही. तुम्ही एका कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. एक दिग्दर्शक, एक कॅमेरा, एक आवाज, एक सहायक दिग्दर्शक, एक निर्मिती, एक संकलन. कागदावर कामाच्या नावापुढे तो माणूस कशाचा निर्णय घेणार हेही लिहायचं. फ्रेम कोणाची? दिग्दर्शक आणि कॅमेरा मिळून. 'आवाज खराब आला, पुन्हा घ्या' हे म्हणण्याचा हक्क कोणाचा? फक्त आवाजवाल्या व्यक्तीचा, आणि तिने म्हटलं की टेक (म्हणजे एकाच शॉटचं एक चित्रण) पुन्हा होणार, वाद नाही. जेवणाची सुट्टी कधी, हे सहायक दिग्दर्शक ठरवणार, कारण घड्याळ त्याच्याकडे आहे. नटांशी फक्त दिग्दर्शक बोलणार. बाकी कोणाला काही सुचलं तर त्याने दिग्दर्शकाच्या कानात सांगायचं. आमच्याकडे पहिल्या दिवशी चौघांनी मिळून मुलाचं काम करणाऱ्याला चार सूचना दिल्या, आणि तो बिचारा दगडासारखा उभा राहिला. दुपारी जेवताना हा नियम केला, आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पहिल्या टेकमध्ये रडला.

संकलन करणाऱ्याला शूटवर घेऊन जा. मी वही घेऊन बसायचे. शॉटचा नंबर, टेकचा नंबर, कुठला बरा, कुठला का गेला. त्या वहीने पुढे माझे कित्येक तास वाचवले.

जागेची पाहणी शूटच्या आदल्या दिवशी करू नका, आठवडाभर आधी करा, आणि ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी करा. गिरणीला एकच झरोका होता. सकाळी नऊ ते साडेदहा त्यातून उन्हाची तिरीप यायची आणि पिठाची धूळ तिच्यात तरंगायची. त्या दीड तासासाठी आम्ही सगळं वेळापत्रक फिरवलं. बाकी वेळ तिथे एक ट्यूबलाइट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशा दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोनचा कॅमेरा ऑटोवर ठेवला की चित्रावर काळे पट्टे सरकतात. म्हणून हाताने सेटिंग देणारं कॅमेरा ॲप घ्या, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवा आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला किती वेळ उजेड मिळतो, १/५० किंवा १/१०० सेकंद. फोकस, एक्सपोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही लॉक करा, नाहीतर पांढरा शर्ट घातलेलं माणूस फ्रेममध्ये आलं की सगळं चित्र अंधारतं. कॅमेऱ्याबद्दल माझं एवढंच म्हणणं. चांगला फोन आणि हलणार नाही असा ट्रायपॉड पुरतो. पैसे उरले तर ते आवाजावर घाला.

गिरणीत काम करणार असाल तर एक गोष्ट हात जोडून सांगते. छान दिसतं म्हणून हवेत पीठ उडवू नका. हवेत दाट पसरलेल्या पिठाला ठिणगी लागली तर स्फोट होऊ शकतो. आमच्या कॅमेऱ्यावाल्याला ती कल्पना फार आवडली होती, मामांनी एका शब्दात थांबवलं. आणि चालत्या पट्ट्याजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत. मामा नसतील तेव्हा यंत्राला हात लावायचा नाही.

शॉट डिव्हिजनला, म्हणजे प्रत्येक प्रसंग कुठल्या कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा ते आधी कागदावर मांडायला, आम्ही एक पूर्ण रविवार दिला. चित्रं काढता येत नाहीत म्हणून मुलं हे टाळतात. काड्यांची माणसं काढा, चालतील. याच शहरात मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर पात्रांचे वेश, त्यांच्या हालचाली आधी कागदावर रेखाटून घेत. ते तर मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे. नात्यातले बंधू आनंदराव आणि त्यांनी स्वतः कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं, १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने तो १९१८ मध्ये पुरा केला. शूटच्या आधी आम्ही सहाही जण खरी कॉर्नरजवळच्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी जाऊन उभे राहिलो होतो. त्यातून फिल्म चांगली होते असं नाही, पण मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आमच्या सात पानांचे ४१ शॉट झाले. ते गोष्टीच्या क्रमाने घेतले नाहीत. दाराच्या बाजूने दिसणारे सगळे एकत्र, झरोक्याच्या बाजूचे सगळे एकत्र. कॅमेरा आणि दिवा हलवायला जो वेळ जातो तोच दिवस खातो. दिवसाला वीस-बावीस शॉट ही नवख्या गटाची मर्यादा धरा. शिवाय यादीत आधीच खूण करून ठेवा की वेळ संपत आली तर कुठले शॉट सोडायचे. आमचे पाच सुटले आणि ते कोणालाही जाणवले नाहीत, कारण ते ठरवून सोडले होते.

दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्या मधून एक रेघ ओढलेली आहे असं समजा आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. आम्ही जमिनीवर खरोखर पिठाची रेघ ओढली होती. रेघ ओलांडली तर कट केल्यावर दोघेही एकाच दिशेला बघताना दिसतात.

कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात तसंच दिसावं म्हणून, प्रत्येक टेकनंतर फोनवर फोटो. वडिलांच्या भुवयांवर किती पीठ आहे, डबे किती आहेत, पितळी डबा कितवा आहे. दिवसभरात पीठ वाढतच जायचं, म्हणून सकाळचा फोटो बघून ब्रशने भुवया झाडाव्या लागायच्या.

आता आवाज. सगळ्यात जास्त फिल्म इथेच मार खातात. प्रेक्षक थोडं धूसर चित्र सहन करतो, पण संवाद कळला नाही की फोन हातात घेतो. चालू गिरणीत संवाद रेकॉर्ड करून बघितले, एक अक्षर कळलं नाही. मग उपाय असा काढला की गिरण बंद ठेवायची आणि नटांनी ती चालू आहे असं धरून ओरडून बोलायचं. आवाज नंतर खाली भरायचा. यात अडचण एकच. शांततेत माणूस दोन वाक्यांत आपोआप हळू बोलायला लागतो. म्हणून प्रत्येक टेकच्या आधी अर्धा मिनिट गिरण चालू करायची, नटांनी त्या आवाजातच बोलणं सुरू करायचं, मग मामांनी बटण बंद करायचं, पट्टा पूर्ण थांबला की ॲक्शन. गळ्याच्या शिरा, तोंड कानाजवळ नेणं, सगळं खरं दिसतं.

कॉलरला लावायचा माइक शर्टाच्या आत चिकटपट्टीने लावा आणि हेडफोन लावूनच रेकॉर्ड करा. हेडफोनशिवाय केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे डोळे मिटून केलेलं शूट. मोठ्यात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे, फाटलेला आवाज पुढे कशानेही सांधत नाही. आवाज वेगळ्या यंत्रावर घेत असाल तर प्रत्येक टेकला क्लॅप द्या, पाटी नसेल तर टाळी, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. आणि प्रत्येक जागेचा निव्वळ आवाज, कोणी न बोलता, न हलता, एक मिनिट घ्या. गिरण बंद असतानाही तिथे पंखा होता, गल्लीतली सायकल होती, लांब कुठेतरी कुकरची शिट्टी होती. वीज जाते तो प्रसंग त्या एका मिनिटावर उभा आहे.

खर्चाचं थोडक्यात. आमचे सगळे मिळून ६,४०० रुपये गेले. माइक, मेमरी कार्ड, पेट्रोल, आणि बाकी सगळं खाण्यावर. खाण्यात काटकसर करू नका. फुकट काम करणाऱ्या माणसाला वेळेवर मिसळ आणि चहा मिळाला नाही तर दुपारनंतर त्याचं लक्ष उडतं. गिरण आम्ही साप्ताहिक सुट्टीला आणि त्याच्या पुढच्या दिवशी दुपारपर्यंत घेतली, म्हणजे मामांचं गिऱ्हाईक फारसं तुटलं नाही. नट अठरा वर्षांखालचा असेल तर आईवडिलांची लेखी परवानगी घ्या.

पॅक अप झाल्यावर घरी जायच्या आधी सगळं दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी करायचं आणि दोन्हीकडच्या फाइल उघडून बघायच्या. त्याआधी कार्ड रिकामं करायचं नाही.

संकलनासाठी मी डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरली. साध्या लॅपटॉपवर ती अडकते, म्हणून हलक्या प्रॉक्सी फाइल (मूळ व्हिडिओच्या लहान प्रती) बनवून त्यांच्यावर काम करा. फोनच्या व्हिडिओचा फ्रेम रेट बऱ्याचदा स्थिर नसतो. सुरुवातीला जुळलेला आवाज चौथ्या मिनिटाला ओठांच्या पुढे पळतो आणि आपण डोकं धरून बसतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल स्थिर २५ वर आणा, मग टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या पट्टीवर, घ्या.

पहिला रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, पटकथेप्रमाणे, जसाच्या तसा लावा. आमचा १४ मिनिटांचा झाला. तो बघताना सगळ्यांचे चेहरे पडले. पडू द्या. दोन दिवस टाइमलाइन उघडू नका. मग प्रत्येक प्रसंगाला विचारा, हा काढला तर गोष्ट कळते का? मुलगा घरी आईशी बोलतो तो अख्खा प्रसंग मी काढला. दिग्दर्शक माझ्याशी तीन दिवस बोलला नाही, कारण तो प्रसंग त्याच्या खऱ्या आईवर घेतलेला होता. पण कागदावर त्याचीच सही होती: रफ कटवर संकलकाचं ऐकायचं, फायनल कटवर दिग्दर्शकाचं. त्याने फायनलच्या वेळी तो प्रसंग परत मागितला नाही. संगीतही आम्ही लावून बघितलं आणि काढून टाकलं. कुणाचं गाणं उचलायचं नाही हे तर आहेच, पण इथे गिरणच संगीत होती.

कट लॉक, म्हणजे कायमचा पक्का, करायच्या आधी फिल्म दोन प्रकारच्या माणसांना दाखवा. एक, ज्याला गोष्ट अजिबात माहीत नाही. त्याला 'आवडली का' विचारू नका, 'काय झालं ते सांग' म्हणा. दुसरा, ज्याच्या जगावर फिल्म आहे. आम्ही लॅपटॉप घेऊन गिरणीत गेलो. मामांनी गिरण बंद केली, हात पुसले, पोत्यावर बसून पूर्ण बघितली. वीज जाते तिथे ते पुढे झुकले. संपल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चांगलं केलंय पोरांनू. पर सुरवातीला डब्यात गहू दावलाय न्हवं? ह्यो आवाज जोंधळ्याचा हाय."

खरंच होतं ते. आवाज रेकॉर्ड करायला आमची मैत्रीण एकटीच गेली होती, आणि त्या दिवशी जोंधळ्याचं दळण चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच किलो गहू घेऊन परत गेलो.