लिऑन रोझ आणि निक्सच्या कोचवर वाद घालताय? या चुका टाळा

३ जून २०२५ ला एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्सने हेड कोच टॉम थिबोडो यांना नारळ दिला. तीनच दिवस आधी संघ इंडियाना पेसर्सकडून ईस्टर्न कॉन्फरन्सची (लीगच्या पूर्व विभागाची) फायनल ४-२ अशी हरला होता. त्या फायनलपर्यंत निक्स पोचले होते ते २००० नंतर पहिल्यांदाच. मोसमात ५१ सामने जिंकून देणारा, गतविजेत्या बोस्टनला घरी पाठवणारा कोच काढायचा, तोही हाताशी दुसरा कोणी नसताना! तेव्हापासून खेळाडू आणि कोच निवडणारे संघाचे अध्यक्ष लिऑन रोझ यांना काही चाहते डोक्यावर घेतात, काही शिव्या घालतात.

हा वाद व्हायलाच हवा. १९७३ नंतर एकही विजेतेपद न पाहिलेल्या चाहत्यांना जाब विचारायचा पूर्ण हक्क होता. पण वादात त्याच त्या चुका होत राहतात आणि मग खरे प्रश्न बाजूलाच राहतात.

एका उडालेल्या चेंडूवरून निकाल लावणं

पेसर्सविरुद्धचा पहिला सामना भारतात पहाटे साडेपाचला सुरू झाला होता. ज्यांनी तो जागून पाहिला त्यांना अजून चुटपुट लागलेली असेल. शेवटची तीन मिनिटंही उरली नव्हती आणि निक्स १४ गुणांनी पुढे होते. मग पेसर्सच्या नेस्मिथचे थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) पडत गेले, निक्सचे फ्री थ्रो हुकले आणि शेवटी त्यांच्याच हॅलिबर्टनचा शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटून उंच उडाला आणि आत पडला. त्याचा पाय रेषेवर होता म्हणून दोनच गुण मिळाले, पण बरोबरी झाली. ओव्हरटाइममध्ये सामना १३८-१३५ असा गेला.

"तो चेंडू बाहेर पडला असता तर थिबोडो आजही कोच असते" हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल! असेलही तसं. पण म्हणूनच त्या चेंडूवरून थिबोडोही जोखता येत नाहीत आणि रोझही. त्या रात्री निक्सच्या ब्रन्सनने ४३ आणि टाउन्सने ३५ गुण केले होते. प्रश्न विचारायचा तर त्याआधीच्या अख्ख्या मोसमाबद्दल विचारा, कारण आजार तिथे दिसत होता.

कोचची चूक आणि संघबांधणीची चूक वेगवेगळ्या वहीत लिहिणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

ब्रन्सन, ब्रिजेस, हार्ट, अनुनोबी, टाउन्स. निक्सचे हे मुख्य पाच जण २०२४-२५ मध्ये लीगमधल्या कुठल्याही पाचांपेक्षा जास्त मिनिटं एकत्र खेळले. कागदावर आक्रमण घातक होतं. टाउन्ससारखा सेंटर (एरवी बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) बाहेरून थ्री मारणार, त्याला अडवायला समोरच्या सेंटरला बास्केटपासून दूर यावं लागणार आणि ब्रन्सनला आत घुसायला रान मोकळं. सुरुवातीला झालंही तसंच.

मग प्रतिस्पर्ध्यांनी तोड काढली. त्यांनी सेंटर टाउन्सवर ठेवलाच नाही, हार्टवर ठेवला. हार्ट रिबाउंडला (हुकलेला चेंडू पकडायला) जिवाचं रान करतो, पण बाहेरून तो मारेल ही भीती कोणाला नसते. त्यामुळे समोरचा सेंटर त्याला मोकळा सोडून बास्केटखाली उभा राहायला लागला, आणि टाउन्सवर आला चपळ विंग, म्हणजे कडेने खेळणारा खेळाडू. ब्रन्सन-टाउन्स पिक अँड रोलवर (टाउन्सने ब्रन्सनच्या बचावपटूची वाट अडवायची आणि मग बास्केटकडे पळायचं, त्यावर) आता बचावपटूंना खुशाल स्विच, म्हणजे आपापसात माणसं बदलून घेणं, करता येत होतं. पेसर्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात थिबोडोंनी अखेर हार्टला बसवून मिचेल रॉबिन्सनला सुरुवातीला उतरवलं. तोवर मालिकेत ०-२ अशी पिछाडी होती.

आता सांगा, ही चूक कोणाची? "उशिरा बदललं, म्हणजे कोचची" असं म्हणणाऱ्याने हेही सांगावं की बदलायला होतं कोण. बेंचचे (राखीव खेळाडूंचे) गुण लीगमध्ये सगळ्यात कमी होते आणि तो बेंच रोझ यांनी दिलेला होता. "बेंचच नव्हता, म्हणजे रोझ यांची" म्हणणाऱ्याने हे सांगावं की जे होते त्यांना तरी मोसमभर खेळवून तयार का केलं नाही. मुख्य खेळाडूंना फार मिनिटं खेळावं लागतं, असं ब्रिजेस मार्चमध्ये उघड बोलला होता. माझ्या मते थिबोडोंचा दोष मोठा, कारण ८२ सामने हाताशी असताना त्यांनी दुसरा डाव तयारच केला नाही. पण दोष मोठा म्हणजे एकट्याचा नव्हे.

पैशाचे नियम न बघता "का सोडला?" विचारणं

आयझाया हार्टेनस्टाइन २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. रोझ यांच्यावरचा हा आवडता आरोप: इतका चांगला सेंटर हातचा घालवला.

घालवला नाही. तो निक्सकडे दोनच मोसम होता. दोन मोसमांनंतर आपल्याच खेळाडूला किती पगार देता येतो, याला लीगच्या नियमात मर्यादा आहे. निक्सला जास्तीत जास्त चार वर्षांचे सुमारे ७ कोटी २५ लाख डॉलर देता येत होते. ओक्लाहोमाने तीनच वर्षांचे ८ कोटी ७० लाख दिले, कारण त्यांच्याकडे कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) जागा होती. कुठलाही शहाणा खेळाडू हेच करेल.

जाब विचारायचाच असेल तर २०२२ कडे जा. तेव्हा त्याच्याशी करार दोन वर्षांचा केला होता. तीन वर्षांचा असता तर तो संपताना ही मर्यादा लागू झाली नसती. मुद्दा तिथे आहे आणि तो तिथेच लावून धरायला हवा.

पिक नुसते मोजणं

मिकाल ब्रिजेससाठी ब्रुकलिनला पाच फर्स्ट राउंड पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या पहिल्या फेरीचे हक्क) दिले हे ऐकलं की कोणाच्याही पोटात गोळा येतो. माझ्याही येतो. पण "पाच" म्हणून थांबू नका, ते कोणते हे पाहा. निक्सचे स्वतःचे २०२५, २०२७, २०२९ आणि २०३१ चे, शिवाय मिलवॉकीकडून आलेला २०२५ चा एक. वर ब्रुकलिनला निक्सशी पिक बदलून घेण्याचा एक हक्क, २०२८ चा. ही एकाआड एक वर्षं योगायोगाने आलेली नाहीत. लागोपाठ दोन वर्षं फर्स्ट राउंड पिकशिवाय राहता येत नाही असा लीगचा नियम आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या एका मालकाने पिक उधळले, त्याच्यामुळे हा नियम आला. म्हणजे रोझ यांनी २०३१ पर्यंत नियम देऊ देईल तेवढं जवळपास सगळं दिलं.

२०२५ चे दोन पिक १९ व्या आणि २६ व्या क्रमांकावर आले. चांगल्या संघाचे पिक असे मागेच पडतात, तेव्हा त्यांची किंमत फुगवून सांगण्यात अर्थ नाही. भीती आहे ती २०२९ आणि २०३१ ची, कारण तोवर ब्रन्सन तिशी ओलांडून बराच पुढे गेलेला असेल. ब्रिजेस चांगला की वाईट यापेक्षा हा धोका पत्करण्यासारखा होता का, यावर वाद घाला.

श्रेय देतानाही हाच हिशोब लावा. ब्रन्सनने २०२५ पर्यंत थांबून पाच वर्षांचे सुमारे २६ कोटी ९० लाख डॉलर मागायचे सोडून २०२४ मध्येच चार वर्षांच्या १५ कोटी ६५ लाखांवर सही केली. संघ उभारायला जी मोकळीक मिळाली ती या खेळाडूच्या खिशातून आली. तिचं सगळं श्रेय रोझ यांना देऊ नका.

नकार मिळाला म्हणजे नाचक्की झाली असं धरणं

थिबोडोंनंतर निक्सने मिनेसोटा, ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा आणि शिकागो यांच्याकडे त्यांच्या कोचशी बोलायची परवानगी मागितल्याच्या आणि सगळ्यांनी ती नाकारल्याच्या बातम्या आल्या. खिल्ली भरपूर उडाली. पण कराराखाली असलेला कोच परवानगीशिवाय मिळत नाही, आणि परवानगी मिळालीच तर मोबदला द्यावा लागतो. १९९५ मध्ये पॅट रायली निक्स सोडून मायामीला गेले तेव्हा मायामीने निक्सला फर्स्ट राउंड पिक आणि १० लाख डॉलर मोजले होते. डॉक रिव्हर्स यांच्यासाठी क्लिपर्सनी २०१३ मध्ये बोस्टनला पिक दिला. विचारणा करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

टीका करायची तर क्रमावर करा: आधी काढलं, मग शोधायला लागले. रोझ पत्रकारांसमोर फारसे येत नाहीत, त्यामुळे ही घाई का केली याचं नीट उत्तर चाहत्यांना मिळालं नाही. ही तक्रार रास्त आहे.

कोचपदासाठी झालेल्या डॉन स्टेली यांच्या मुलाखतीला "दिखावा" म्हणून उडवून लावणंही याच जातीचं. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाला तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणि अमेरिकेच्या महिला संघाला टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या कोचचं म्हणणं ऐकून घेणं हे शोधाचंच काम आहे. त्या योग्य होत्या की नाही यावर जरूर भांडा, पण त्यांच्या संघांचा खेळ बघून भांडा.

नव्या कोचला जुन्याशेजारी उभं करून मोजणं

जुलैत माइक ब्राउन आले. पुरस्कारांवरून तुलना करायला गेलात तर हाती काही लागत नाही: ब्राउन दोनदा कोच ऑफ द इयर, २००९ आणि २०२३. थिबोडोही दोनदा, २०११ आणि २०२१. सॅक्रामेंटोला २०२३ मध्ये, १६ मोसमांच्या खंडानंतर, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) नेणाऱ्या ब्राउन यांना तिथून पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये, काढलं गेलं होतं.

दुसरं, त्यांना संघ तोच मिळालेला नाही. त्याच उन्हाळ्यात रोझ यांनी बेंचसाठी जॉर्डन क्लार्कसन आणि गेर्शोन याबुसेले यांना आणलं. थिबोडोंकडे हे दोघे नव्हते. त्यामुळे मुख्य पाचांची मिनिटं घटलेली दिसली की ब्राउन यांच्या नावाने टाळ्या वाजवण्याआधी बॉक्स स्कोअर (सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता) उघडा आणि ती मिनिटं कोणाकडे गेली ते पाहा. क्लार्कसन आणि याबुसेलेकडे गेली असतील तर त्यात रोझ यांचाही वाटा धरा. आदल्या वर्षीही बेंचवरच असलेल्या मॅकब्राइडकडे आणि शॅमेटकडे गेली असतील तर ते श्रेय ब्राउन यांचं.