तीस वर्षांनी मोटारसायकल घेताना: आधी बंद गाडी ढकलून बघा

1996 साली भावाने यामाहाची आरएक्स 100 विकली आणि माझं मोटारसायकल चालवणं तिथेच थांबलं. पुढे स्कूटर आली, मग कार. 2025 च्या उन्हाळ्यात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, पुन्हा गिअरची गाडी घ्यायचं ठरवलं. एका शोरूममध्ये पहिलाच प्रश्न आला, "काकू, बजेट किती?" दुसऱ्या ठिकाणी गाडी मला हवी होती, पण माहिती सगळी आमच्या ह्यांना सांगत होते. रात्री गाडी लावणार कुठे, हे मात्र कुणी विचारलं नाही. माझी निवड शेवटी त्यावरच ठरली.

आमचं घर साताऱ्यात, उतारावर. फाटकापासून पोर्चपर्यंत बारा पावलांचा चढ. आरएक्स साधारण शंभर किलोंची होती, ती मी एका हाताने फिरवायचे. आजच्या साडेतीनशे सीसीच्या गाड्या एकशे ऐंशीच्या पुढे आहेत. रस्त्यावर धावताना हे वजन जाणवत नाही. जाणवतं ते गाडी काढताना, लावताना आणि पेट्रोल पंपाच्या रांगेत.

म्हणून पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवूनच घ्या. पलीकडून धरायला कुणाला तरी उभं करा. गाडी न्यूट्रलला टाका, तिच्या डावीकडे उभं राहा, दोन्ही हात हँडलवर ठेवा आणि कंबर सीटला टेकवा. दहा पावलं पुढे, दहा मागे, मग हँडल पूर्ण वळवून एक गोल. उजवा हात ब्रेकवरच राहू द्या. त्यानंतर सीटवर बसून पायांनी रेटत गाडी मागे घ्या. हे किंचित चढावर करून पाहा, सपाट फरशीवर सगळ्याच गाड्या सोप्या वाटतात. दम लागला किंवा गाडी एकदाही अंगावर आल्यासारखी वाटली, तर तिचं इंजिन कितीही गोड असो, तिला सोडा.

माझी उंची पाच फूट दोन इंच. रोज ज्या बुटांत चालवणार तेच घालून मी चार गाड्यांवर बसले. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 चं वजन 195 किलो, सीट 805 मिलिमीटर. होंडा हायनेस सीबी 350 ची सीट 800, वजन 181. एनफिल्डचीच मिटिऑर सगळ्यांत बुटकी, 765, तिच्यावर माझे दोन्ही तळवे आरामात टेकले. पण वजन 191 किलो आणि फूटरेस्ट पुढे, त्यामुळे उठून तोल सावरायची माझी जुनी सवय तिथे चालेना. एनफिल्डच्याच हंटर 350 ची सीट 790 आणि वजन 181. तिच्यावर टाचा थोड्या उचलल्या जातात, तरी पुढे सीट निमुळती असल्याने पाय सरळ खाली जातात. सीटची उंची कागदावर कळते, रुंदी बसल्यावरच. दोन चाकांमधलं अंतरही विचारा: हंटरचं 1370 मिलिमीटर, हायनेसचं 1441. बोळात गाडी वळवताना हा फरक लगेच कळतो. मी हंटर घेतली.

या चारही गाड्या एका सिलिंडरच्या. सिंगल सिलिंडरच का? इंजिन अरुंद, म्हणून गुडघे जवळ राहतात. इंजिन हळू फिरत असतानाच जोर मिळतो, त्यामुळे गावातल्या गर्दीत सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. शिवाय नव्या इंजिनांत कंप शोषायला बॅलन्सर शाफ्ट असतो, साठ-सत्तरच्या वेगात हाताला मुंग्या येत नाहीत.

आरएक्ससारख्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीवरून येणाऱ्यांनी एक गोष्ट नव्याने शिकायलाच हवी. आरएक्सचा ॲक्सिलरेटर सोडला की ती नुसती घरंगळत राहायची, घाटात सगळी भिस्त ब्रेकवर. आजचं मोठं एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ॲक्सिलरेटर सोडताच गाडीला मागे ओढतं. यवतेश्वरचा घाट उतरताना मी तिसऱ्या गिअरमध्ये राहते, ब्रेक अधूनमधूनच लागतो. टेस्ट राइडला हेच तपासा: उतारावर ॲक्सिलरेटर सोडा, चढावर थांबून पुन्हा निघा, आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू यू-टर्न घ्या. क्लच दहा वेळा दाबून सोडा. बोटं दुखली तर ट्रॅफिकमध्ये जास्त दुखतील. हे सगळं आडवारी करा, दसऱ्याच्या गर्दीत कुणी निवांत गाडी देत नाही.

यापेक्षा ताकदीची गाडी हवी का, हे तुमचे रस्ते सांगतील. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे. आपण जाणार जुन्या रस्त्याने, घाटांनी, गावांतून. तिथे वीस अश्वशक्ती मला पुरून उरते. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के, त्यापुढच्यांवर 40 टक्के आहे, हाही हिशेब करा.

जुनी गाडी घेणार असाल तर एप्रिल 2019 नंतरची बघा. तेव्हापासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. घाबरून ब्रेक करकचून दाबायची चूक परतणाऱ्याकडून होतेच, तेव्हा एबीएसमुळे चाक जाम होत नाही. एप्रिल 2020 नंतरची, प्रदूषणाच्या बीएस-6 नियमांतली मिळाली तर अधिक बरं.

लायसन्स आधी काढून बघा. त्यावर गिअरच्या मोटारसायकलची नोंद हवी, नुसत्या बिनगिअरच्या स्कूटरची चालत नाही. मुदत संपून एक वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात आडवी झालेली गाडी उचलायचा सराव करा, गवतावर, कुणाला तरी सोबत घेऊन. इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवा. गाडी गिअरमध्ये टाका, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. पाठ सीटला लावून खाली बसा, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची पकड धरा आणि कंबरेतून न वाकता छोटी पावलं मागे टाकत पायांच्या जोरावर उठा. मला तिसऱ्या खेपेला जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी कासला जाऊन आले.