वरकस जमिनीतले खड्डे आणि शेणखत : या चुका टाळा

वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर केवळ पावसाच्या भरवशावर काजूची कलमे लावणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे एकच सांगत आलो आहे : कोकणातल्या खड्ड्यातून आषाढातले पाणी निघून गेले पाहिजे आणि फाल्गुनापर्यंत ओलही टिकली पाहिजे. बहुतेक जण फक्त ओलीचा विचार करतात.

कोरड्या मुलखातली पद्धत इथे जशीच्या तशी उचलणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमध्ये याकुबा सावाडोगो यांनी ‘झाई’ खड्ड्यांच्या बळावर ओसाड जमीन पिकाखाली आणली, त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु तिथे वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून पाणी अडवणारा वीतभर खोल खड्डा ज्वारी-बाजरीला तारतो. आपल्याकडे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि वीतभर मातीखाली जांभा लागतो.

राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, ओळखीच्या एका तरुणाने, मी नको म्हणत असताना, कातळ फोडून ४० खड्डे घेतले, पाणी मुरावे म्हणून ते खोलगटच ठेवले आणि मृगात कलमे लावली. श्रावणात त्याने मला बोलावले तेव्हा पाने पिवळी पडली होती आणि खत कमी पडले अशी त्याची समजूत होती. एक कलम उपटून पाहिले, तर मुळांची साल बोटांना चिकटून निघून आली, आत काळे पडले होते आणि खड्ड्यातून आंबूस वास येत होता. त्या पावसाळ्यात २७ कलमे गेली.

म्हणून ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून झाला की मी त्यात चार कळशा पाणी ओततो. सकाळपर्यंत ते जिरले नाही, तर उताराच्या बाजूने चर काढतो किंवा खड्ड्याची जागाच बदलतो. सड्यावर मे महिन्यात चार कळशा पाणी नेणे जिवावर येते, हे मला मान्य आहे. तरीही हा कंटाळा करू नये. भरताना माती जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावी, कारण पहिल्या पावसांत ती खाली बसते, आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहील याची खात्री करावी.

दुसरी चूक कच्च्या शेणखताची. गायरीतले (शेणाच्या खड्ड्यातले) वरचे ताजे शेण घमेल्याने उचलून खड्ड्यात टाकणाऱ्यांची घाई मला कधीच समजलेली नाही. कच्चे खत कुजताना तापते, कोवळी मुळे भाजतात, आणि त्यातल्या अर्धवट कुजलेल्या काड्यांवर वाळवी येते. झाईच्या खड्ड्यात वाळवी उपकारक ठरते, कारण ती कडक झालेल्या जमिनीला भोके पाडून पाणी आत नेते. आपल्याकडे मात्र तीच वाळवी कोवळ्या कलमाची साल खाते. मी ढिगात लोखंडी पहार खुपसतो आणि पाचेक मिनिटांनी काढून हात लावतो. ती गरम लागली, तर खत अजून तयार नाही. तयार खत हातात भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

वरची माती आणि खालचा मुरूम खणतानाच वेगळे ठेवावेत आणि तळाशी वरची माती व खत घालावे. कलमाची प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढावी. नुसती फाडून लावणे पुरत नाही. सुपर फॉस्फेट हे रासायनिक खत मुळांना थेट लागू देऊ नये.

पाऊस संपताच, म्हणजे आश्विनात, उताराच्या खालच्या बाजूस अर्धचंद्राकृती बांध घालून आळ्यात पातेरा, म्हणजे वाळलेला पालापाचोळा, पसरावा. खोडापासून तो चार बोटे दूर असावा. माघ-फाल्गुनात सड्यावर वणवा येतो आणि पातेरा क्षणात पेटतो, म्हणून बागेभोवतीचे गवत पौषातच कापून बाहेर काढावे.