कॅबिनेट, हवा आणि मुंबई: संगणक जुळणीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईच्या संगणक बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जुळणीचे काम शिकायला येणाऱ्या मुलांना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डांचे आकडे तोंडपाठ असतात. कॅबिनेटविषयीचे, म्हणजे हे सगळे भाग ज्या पेटीत बसवतात तिच्याविषयीचे, मत मात्र काच आणि रंगीत दिवे पाहून बनलेले असते. या कामात बरीच वर्षे काढल्यावर मी असे सांगेन की, गरम होते किंवा मध्येच बंद पडते म्हणून दुकानात परत येणाऱ्या यंत्राचा प्रोसेसर बहुधा ठणठणीत असतो आणि खरे दुखणे हवेच्या वाटेत सापडते.

कॅबिनेट आधी हाताने पाहावे. बाजूचे दार काढून सांगाड्याचे समोरासमोरचे दोन कोपरे धरावेत आणि हलकेच पीळ द्यावा. स्वस्त मालात पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो आणि सांगाडा लगेच वळतो; पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा असेल, तर तो जागचा हलत नाही. मग मागच्या बाजूला कार्डांच्या जागा झाकणाऱ्या पट्ट्या पाहाव्यात. त्या वाकवून तोडण्याच्या असतील, तर एकदा तोडल्यावर ते भोक कायमचे उघडे राहते. स्क्रूने बसवलेल्या असतील, तर परत लावता येतात. स्क्रू दोनदा लावून काढून पाहावा, कारण पातळ पत्र्यातले आटे दुसऱ्या खेपेलाच झिजतात. आतल्या कापलेल्या कडांवर रंग पोहोचला आहे का, हेही बघावे, कारण समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

आता हवेकडे वळू. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स या मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या मांडणीचेच मोजमाप आजही चालते आणि त्यात हवा पुढून आत येऊन मागून व वरून बाहेर पडावी, ही रीत रूढ झाली आहे. पुढे अखंड काच लावून कडेला बोटभर फट ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये तीन फॅन असले, तरी ते त्या फटीतून जेवढी हवा येईल तेवढ्यावरच फिरतात. त्यापेक्षा पुढे जाळी आणि दोनच १२० किंवा १४० मिलिमीटरचे फॅन असलेले साधे कॅबिनेट बरे. शंका असेल, तर यंत्रावर अर्धा तास पूर्ण भार टाकून तापमान पाहावे आणि नंतर बाजूचे दार काढून पुन्हा तेवढाच वेळ पाहावे. दहा अंशांहून अधिक फरक पडला, तर मी प्रोसेसरचा कूलर बदलण्याच्या भानगडीत न पडता कॅबिनेटकडे बोट दाखवतो.

परदेशी चाचण्यांचे आकडे वाचताना एक हिशेब विसरू नये. तिथल्या खोल्या साधारण २० ते २५ अंशांच्या असतात आणि मे महिन्यात आपल्याकडची वातानुकूलन नसलेली खोली सहज ३३ अंशांवर जाते. फॅनचा असो वा लिक्विडचा, कोणताही साधा कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे हा फरक जवळजवळ जसाच्या तसा वर चढतो.

पंपाने द्रव फिरवून रेडिएटरमध्ये थंड करणाऱ्या लिक्विड कूलरविषयी माझे मत थोडे कडक आहे. आय-नाइन १४९००के सारखा प्रोसेसर भाराखाली २५३ वॉटपर्यंत वीज घेतो; तिथे ३६० मिलिमीटरचा रेडिएटर शोभतो. रायझन ५ ७६०० सारखा ८८ वॉटच्या मर्यादेत चालणारा प्रोसेसर मात्र एका फॅनच्या उंच एअर कूलरवर आरामात राहतो. त्याचा फॅन बिघडला, तर दुसरा अडकवता येतो, पण लिक्विडचा पंप बंद पडला की सहसा अख्खा कूलर बदलावा लागतो. लिक्विड बसवायचाच असेल, तर पंप हा त्या साखळीतला सर्वांत उंच भाग राहू नये, कारण आतली हवा वर जमते. एअर कूलर घेताना त्याची उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. १६० मिलिमीटरचा कूलर अरुंद कॅबिनेटमध्ये काचेला टेकतो.

धुळीचे गणित मुंबईत निराळे आहे. स्वयंपाक आणि संगणक एकाच खोलीत असलेल्या घरांत जाळीवर कोरडी धूळ न बसता फोडणीच्या वाफेने चिकट झालेला करडा थर बसतो आणि तो ब्लोअरने हलत नाही. म्हणून काढता येणारी, साबणाच्या पाण्यात धुता येणारी जाळी असलेलेच कॅबिनेट मी सुचवतो. धुतलेली जाळी पूर्ण वाळल्याशिवाय मात्र लावू नये. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटींतून धूळ ओढली जात नाही. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

गिरगाव किंवा परळच्या जुन्या चाळींतून एक तक्रार हमखास येते: ‘कॅबिनेटला करंट लागतो, बदलून द्या.’ मागच्या स्क्रूला बोट लागले की झिणझिण्या येतात, हे खरे असते. पण दोष बहुतेक वेळा कॅबिनेटचा नसतो. एसएमपीएसमधील, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यातील, फिल्टरचे कपॅसिटर थोडासा प्रवाह धातूच्या अंगावर सोडतात आणि तो अर्थिंगवाटे निघून जावा, अशी योजना असते. प्लगमध्ये तिसरी पिन नसली किंवा भिंतीत अर्थिंगच नसले, तर तो तिथेच राहतो. अशा वेळी कॅबिनेट बदलून देणाऱ्या दुकानदाराकडे तेच गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन परत येते. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायला सांगावे आणि ते नीट होईपर्यंत यंत्र वापरू नये, असेही स्पष्ट बजावावे.

दर सांगण्यापूर्वी गिऱ्हाइकाला यंत्र कुठे ठेवणार, हे विचारावे. उत्तर ‘टेबलाखालच्या बंद कप्प्यात’ असे आले, तर त्या कप्प्याची मागची फळी सुताराकडून कापून घ्यायला सांगावे आणि मगच फॅनची संख्या ठरवावी.